हाक मारायची, मग थांबायचं

माझी बायको झोपलेल्या माणसाला कधी हलवून उठवत नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मला जाग आली तेव्हा दिव्यानी माझ्या पायथ्याशी बसली होती आणि अगदी हळू म्हणत होती, "अवो, सकाळ झाली. तुमी आपल्या घरी आहा." एवढं बोलून ती गप्प बसली. मी डोळे मिटूनच पडलो होतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "तुमी आपल्या घरी आहा." मला वाटलं, ही बाई मला समजते तरी काय? मी दुसऱ्या कोणाच्या घरी असणार?

मी गोपाल, जीपचा ड्रायव्हर. आलापल्ली ते भामरागड ह्या रस्त्यावर माझं आयुष्य हॉर्नवर चालतं. समोर बैल बसला की हॉर्न, माणूस उभा राहिला की हॉर्न, प्रवासी चहाला उतरून गप्पांत रमला की लांबलचक हॉर्न. बंद पडलेल्या वस्तूला मी आधी थापड मारतो, मग काय झालं ते बघतो. असा माणूस आणि ही बाई एका छपराखाली कशी नांदतात, ह्याचं माझ्या सासऱ्यांना अजून नवल वाटतं.

खरं तर तिच्या ह्या सवयीचं मूळ सासरेच आहेत. बापूराव सिंदेवाहीकडचे. घरची थोडी धानाची शेती, आणि दिवाळी सरली की झाडीपट्टीच्या नाटकांत काम. खलनायक म्हटला की बापूराव, हे त्या भागात ठरलेलंच होतं. हंगामात आज ह्या गावी नाटक, उद्या त्या गावी, आणि सूर्य वर येता येता कंपनीच्या गाडीतून घरी. कानामागचा रंग तसाच, डोळ्यांतलं काजळ तसंच, आणि बापूराव खाटेवर आडवे. मग दिवसभर ते घर कुजबुजत चालायचं. भांडी घासायची तर ती उचलून विहिरीपाशी न्यायची.

एकदा दिव्यानीचा मामा आला आणि त्यानं बापूरावांना खांद्याला धरून गदागदा हलवलं. बापूराव उठले ते नाटकातलेच उठले. लाल डोळ्यांनी त्यांनी मामाच्या कानाखाली अशी वाजवली की मामा जेवायलाही थांबला नाही. भानावर आल्यावर बापूराव स्वतःच रडायला लागले. त्या दिवसापासून त्यांना उठवायचं काम दिव्यानीकडं आलं, आणि तिनं आपल्या डोक्यानं त्याची रीत बसवली. पायथ्याशी बसायचं. हाक मारायची, मग थांबायचं. श्वास बदलतो का ते बघायचं. तुम्ही कुठं आहात ते सांगायचं, आणि पुन्हा थांबायचं. तेवढ्यात बापूराव आतल्या आत तलवार खाली ठेवत, मिशी उतरवत, आणि साधे होऊन घरात परत येत.

"आणि नाईच उठला तर?" मी तिला एकदा विचारलं.

"उठते," ती म्हणाली. "आतमंधी काम सुरू असते माणसाचं. ते संपलं का उठते."

मी हसलो. मला ह्यातलं काही कळलं नव्हतं, पण ती असं बोलते तेव्हा तिच्या तोंडाकडं बघत बसावंसं वाटतं, हे खरं आहे.

तिचं कामही मोठं गमतीचं. भामरागडच्या बाजाराच्या टोकाला एक जुनं गोदाम आहे. ते एका संस्थेनं भाड्यानं घेतलं आणि तिथं आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज जमवायला सुरुवात केली. गाणी, गोष्टी, झाडपाल्याची नावं, कोण कुठून आलं त्याच्या आठवणी. मराठीत, माडियात, सिरोंचाकडचं कोणी असेल तर तेलुगूत. लोक त्या जागेला आवाजघर म्हणायला लागले. आत टेबलावर एक काळा डबा सतत गुणगुणत असतो. तो सर्व्हर. सगळे आवाज त्याच्या पोटात. दिव्यानी गावोगाव जाऊन आवाज आणते, त्यात घालते, आणि तो सांभाळते.

हा सर्व्हर बसवला अश्वजित सरांनी. ते मूळचे वरोऱ्याचे, आता राहायला चंद्रपूरला. त्यांनी दिव्यानीला सगळं हाताला धरून शिकवलं. प्रोग्राम कधी कधी अडकतो, बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही, तेव्हा काय करायचं तेही शिकवलं. माझं म्हणणं, प्लग ओढायचा. सरांचं म्हणणं तसं नव्हतं. आधी नवीन काम आत यायचं बंद करायचं. मग प्रोग्रामला साधा निरोप द्यायचा की बाबा, हातातलं आवर आणि बंद हो. हा निरोप त्याला ऐकू जातो आणि आवराआवर करायला सवड मिळते. मग थांबायचं, आत काही हालचाल आहे का ते बघायचं. काहीच नसेल तरच शेवटचा हुकूम. तो मात्र प्रोग्रामला ऐकूही येत नाही. जिथं असेल तिथं, अर्ध्या शब्दावर, तो संपतो.

"सर, आमच्या घरी हेच होतं," दिव्यानी म्हणाली होती, आणि तिनं त्यांना बापूरावांची गोष्ट सांगितली. सर एवढे हसले की चहा सदऱ्यावर सांडला.

आम्ही खोली घेतली होती पोचूभाऊंच्या अंगणात. पोचूभाऊ जातीचे ढिवर, सारी हयात गावाजवळच्या तीन नद्यांच्या संगमावर डोंगा वल्हवण्यात गेलेली. आता पूल झाले, पण पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो आणि सगळ्यांना पुन्हा पोचूभाऊंची आठवण होते. पलीकडच्या काठावरून माणूस हाक मारायचा, "ओ डोंगेवाले, येता का वो?" आणि पाण्यावरून पोचूभाऊंचं उत्तर यायचं, "आलो वो, उभे राहा तिथीच." त्यांचं हे वाक्य सगळ्या भामरागडला पाठ होतं. मी जीप घेऊन यायला उशीर केला तर प्रवासीसुद्धा मला पोचूभाऊंच्या आवाजात तेच ऐकवत.

त्यांची बायको नीलाबाई. आवाज इतका बारीक की अंगणात बोलल्या तर भिंतीपलीकडं जायचा नाही. दिव्यानीचं आणि त्यांचं सूत जुळलं ते एका गोष्टीवरून. नीलाबाईसुद्धा नवऱ्याला कधी हलवून उठवत नसत.

"डोंग्यात झोपलेल्याले हलवलं का तो भस्सकन उभा होते," त्या म्हणाल्या. "आनि तो उभा झाला का डोंगा कलंडते. म्हनून हात नाई लावाचा."

"मंग कशा उठवता?" दिव्यानीनं विचारलं.

नीलाबाई नुसत्या लाजल्या. त्या पोचूभाऊंना कशा उठवत ते आम्हाला कधीच ऐकू आलं नाही, कारण त्यांचं दार पलीकडच्या अंगाला होतं. सकाळी पोचूभाऊ हसऱ्या तोंडानं बाहेर येत, एवढंच दिसायचं.

ह्या पावसाळ्याच्या तोंडाला दिव्यानीनं नीलाबाईंचा आवाज घेतला. नदीतल्या डोहांची नावं, कोणत्या खडकाला काय म्हणतात, कोणता मासा कधी वर चढतो, आणि नवी नवरी होऊन पोचूभाऊंच्या डोंग्यातून ह्या काठाला आल्या तो दिवस. त्या बोलत होत्या आणि वरून पत्र्यावर पाऊस कोसळत होता. पोचूभाऊ खाटेवर ऐकता ऐकता झोपून गेले. मध्येच शेळी सुटली म्हणून दिव्यानी बाहेर धावली. आवाज घ्यायची मशीन तशीच चालू राहिली. परत येऊन तिनं ती बंद केली आणि घरी आली.

पुढं थोड्याच दिवसांत नीलाबाईंना ताप भरला. रस्ता अजून चालू होता. मीच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, वाटभर हॉर्न वाजवत. काही उपयोग झाला नाही. येताना मी हॉर्नला हात लावला नाही.

त्यानंतर पोचूभाऊ नीट उठेनातच. झोप म्हणावी तर डोळे अर्धे उघडे, जाग म्हणावी तर बोलावलं तरी ओ नाही. दुपार होईपर्यंत खाटेवर पडून. मी सकाळी चहा घेऊन जायचो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात "पोचूभाऊ, चाय" म्हणायचो. ते दचकून उठायचे, हात अंधारात चाचपडल्यासारखे वल्हं शोधायचे, आणि मग दिवसभर थरथरत राहायचे. दिव्यानीनं मला तिथं जायची बंदी केली. ती स्वतः पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "पोचूभाऊ, तुमी आपल्या घरी आहा."

पोचूभाऊंनी खोलीभर नजर फिरवली. "आहो का?" ते म्हणाले.

घरी आल्यावर दिव्यानी चुलीपुढं बसून खूप रडली.

मग एक दिवस पोचूभाऊंनीच विचारलं, "बाई, तिचा आवाज तुह्या डब्ब्यात आहे ना?"

"आहे, भाऊ. पन त्यात नीलाबाई कमी आनि पाऊसच जास्त आहे. पाऊस धुवून काढा लागते. मंग ऐकवते तुमाले."

"ऐकव," पोचूभाऊ म्हणाले. "मले उठवाले कोनी नाई."

हे असं काही ऐकलं की दिव्यानीला स्वस्थ बसवत नाही. पाऊस धुवायचा प्रोग्राम तिच्याकडं होता, पण डिस्कमध्ये जागा फार थोडी उरलेली. नवी डिस्क अश्वजित सरांनी आलापल्लीपर्यंत पाठवली होती आणि ती मीच आणायची होती, तर नेमकी पर्लकोटा नदी चढली आणि रस्ता तुटला. आवाज ज्या छोट्या मशीनवर घेतला होता तिच्यात पाणी शिरून ती आधीच गेली होती. म्हणजे नीलाबाईंचा आवाज जगात एकाच जागी, त्या काळ्या डब्यात. थांबायला हवं होतं, हे दिव्यानीला ठाऊक होतं. पण तिच्यानं थांबवेना. तिनं त्याच फाइलवर काम सुरू केलं. प्रोग्राम जुना आवाज थोडा थोडा उचलायचा, धुवायचा आणि त्याच जागी ठेवायचा. फार सावकाश चालणारं काम.

आणि श्रावणात पूर आला.

भामरागडला पूर म्हणजे दरवर्षीचा पाहुणा. कोणी ओरडत नाही. पाणी बाजारात शिरायला लागलं की दुकानदार पोती माडीवर टाकतात, कोंबड्या टोपल्यात घालतात, आणि उंचावरच्या शाळेकडं चालू लागतात. त्या सकाळी पाणी मातीच्या रंगाचं होतं आणि आभाळही जवळजवळ त्याच रंगाचं, त्यामुळं झाडं कुठं उभी आहेत तेच कळेना. एक लाकडी स्टूल बाजाराच्या मधोमध संथ फिरत चाललं होतं आणि त्याच्यावर बेडूक बसला होता. मी जीप शाळेपाशी उंचावर लावून गुडघाभर पाण्यातून आवाजघराकडं आलो. वीज कधीचीच गेलेली. सोलरच्या बॅटरीवर डबा चालला होता, पण ऊन कसलं ते कित्येक दिवस दिसलं नव्हतं.

"चाल, बंद कर आनि उचल," मी दारातून म्हणालो. पाणी वरच्या पायरीला लागलं होतं.

"बंद होऊन नाई राह्यलं," दिव्यानी म्हणाली.

तिनं बाहेरून येणारं सगळं काम थांबवलं होतं. प्रोग्रामला निरोप दिला होता की आवर आणि बंद हो. पण पडद्यावर काही उमटेना. एक बारीक रेघ लुकलुकत होती, बस. मी माऊस हलवला. काही नाही. टेबलावर थापड मारली. काही नाही. बॅटरी जमिनीवरच्या लोखंडी घोडीवर होती, ती उचलून टेबलावर ठेवली. पंखा काढला, दिवा काढला, जे जे वीज खात होतं ते सगळं बंद केलं. बॅटरीचा लाल दिवा तरीही लागलेलाच.

"वारला तो," मी म्हणालो. "ओढतो प्लग. डब्बा तरी वाचू दे."

"नाई."

"अवं, पानी आतमंधी येऊन राह्यलं. काऊन ऐकत नाई तू?"

माझं डोकं फिरलं होतं. मला तिच्यासाठी भीती वाटत होती, पाण्याची वाटत होती, आणि भीती वाटली की मी हात चालवतो. माझा हात प्लगवर गेला.

"गोपाल," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. अवो, ऐकलं का, ह्यापलीकडं ती गेली नव्हती. ते सुद्धा ओरडून नाही, हळूच म्हणाली, आणि मग थांबली. माझ्याकडं बघत नुसती थांबली. माझा हात प्लगवर तसाच राहिला, मग आपोआप सैल पडला आणि खाली आला.

"पोतं भरून राह्यला तो," ती मग म्हणाली. "तोंड बांधाचं राह्यलं आहे. आत्ता उचललं तर सगळं सांडते. फाइल उघडनारच नाई. नीलाबाई गेली ते गेलीच मंग."

"पन तो मेला असन तर?"

"हे पाहा." तिनं पडद्यावरचा एक आकडा दाखवला. फाइलवर शेवटचं केव्हा लिहिलं गेलं त्याची वेळ. मी पाहात राहिलो. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग ती वेळ बदलली. एखाद्या झोपलेल्याची छाती वर व्हावी तशी, जरा, आणि पुन्हा शांत. "ऐकलं आहे त्यानं," दिव्यानी म्हणाली. "हात भरले आहे त्याचे. म्हनून ओ देत नाई."

"बॅटरी टिकन का?"

तिनं लाल दिव्याकडं बघितलं. बॅटरीशी माझी ओळख तिच्यापेक्षा जुनी. मी जीपकडं जायला वळलो तर दारात पोचूभाऊंचा डोंगा.

पूर आला म्हटल्यावर कोणी न उठवता ते उठले होते. बाजारातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेपाशी पोचवत होते, आणि आता आम्हाला न्यायला आले होते. मी डोंग्यात बसलो आणि त्यांना सांगून टाकलं. लपवण्यात काय अर्थ होता? "भाऊ, नीलाबाईचा आवाज अडकला आहे आतमंधी. तिथली बॅटरी मेली तर आवाज जाते. माह्या जीपची बॅटरी आनतो."

पोचूभाऊंनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं, आणि डोंगा थोडा तिरपा वाहिला. मग त्यांनी पुन्हा ओढ घेतली.

"जरा जोरानं, भाऊ," मी म्हणालो.

"पानी घाईत आहे तेवढं पुरे," ते म्हणाले. "डोंगा कलंडला तर बॅटरी कोन नेते?"

आम्ही बाजारातून चाललो. दुकानांच्या पाट्या हाताच्या उंचीवर आल्या होत्या. शिंप्याच्या दुकानातला आरसा अर्धा बुडालेला, त्यात आम्ही दोघं उलटे जाताना दिसलो. जीपची बॅटरी खोलली, मांडीवर घेतली, वर माझा शर्ट टाकला, आणि उघड्या अंगानं परत आलो. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करायच्या तारा माझ्याकडं असतातच. त्या तारांनी मी माझी बॅटरी तिच्या बॅटरीला जोडली. लाल दिवा थोडा वेळ विचार करत राहिला आणि मग हिरवा झाला. एवढा आनंद मला नवी जीप घेतली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

आता करायचं काही उरलं नव्हतं. माझ्यासारख्याला ह्याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दिव्यानी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. मी टेबलाच्या कोपऱ्यावर. पाणी उंबरा ओलांडून आत आलं, कोणाला न विचारता, आणि फरशीवर पसरलं. कुठून तरी एक लहान चप्पल तरंगत आली, सगळ्या खोलीत फिरली आणि पुन्हा दारानं बाहेर गेली. डबा गुणगुणत होता. बाहेर पोचूभाऊंनी डोंगा दाराच्या खांबाला बांधला होता आणि ते त्यातच आडवे झाले होते. पाण्यानं डोंगा वर होत होता, खाली होत होता. हळूहळू मला वाटायला लागलं की गोदामही त्याच तालात वर-खाली होतंय, आणि ह्या गुणगुणीत कुठंतरी आत नीलाबाई एकेका डोहाचं नाव घेत उंबऱ्याकडं चालत येताहेत. आपण फक्त दार धरून उभं राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला हाका माराव्याशा वाटल्या नाहीत.

पडद्यावर एक ओळ उमटली. काहीच गाजावाजा न करता प्रोग्राम बंद झाला होता.

दिव्यानीनं फाइल बघितली. धडधाकट होती, तोंड बांधलेली. तिनं ती वाजवली नाही. मग सर्व्हरला झोपायला सांगितलं, आणि गुणगुण थांबली. एवढ्या वेळानं मला पाण्याचा आवाज ऐकू आला. आम्ही डबा प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळला आणि दाराशी आणला.

पोचूभाऊ डोंग्यात गाढ झोपले होते. माझं तोंड उघडलंच होतं, ते मी मिटलं. पाण्यातच त्यांच्या पायथ्याशी गेलो. "पोचूभाऊ," मी म्हणालो. माझा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मलाच माहीत नव्हतं. मग थांबलो. "तुमी डोंग्यात आहा." पुन्हा थांबलो. पोचूभाऊंनी अंग न हलवता डोळे उघडले, आणि डोंगाही हलला नाही. मागून दिव्यानीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

शाळेत आठवड्याचा बाजार भरावा तसे लोक होते. पाणी उतरेपर्यंत सगळ्यांनी तिथंच खाल्लं, तिथंच झोपलं. मग एका दुपारी ऊन पडलं. दिव्यानीनं डबा सोलरला जोडला आणि छोटा स्पीकर एका वर्गात खिडकीपाशी ठेवला. पोचूभाऊ भिंतीला टेकून बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पाऊस नव्हता. फक्त नीलाबाई होत्या. एवढ्या जवळून, एवढ्या स्वच्छ, की जिवंतपणी मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. डोहांची नावं आली, खडक आले, मासे आले. नव्या नवरीचा डोंगा आला. पोचूभाऊंचा श्वास लांब झाला, मान जराशी कलली. मी दिव्यानीकडं पाहिलं. भाऊ झोपले, तिनं खुणेनं सांगितलं, आणि ती खट्टू झाली. एवढ्यासाठी का सगळं केलं, असं मलाही वाटून गेलं.

स्पीकरमधून शेळी ओरडल्याचा आवाज आला, दिव्यानीची पावलं दूर गेली. म्हणजे आता संपलं. दिव्यानी बंद करायला उठली. तेवढ्यात खाट करकरली, आणि कोणाच्या तरी घोरण्याचा बारीक आवाज यायला लागला. ते पोचूभाऊंचंच घोरणं. आणि त्याच्या पायथ्याशी कुणीतरी येऊन बसल्याची, लुगड्याची सळसळ.

"ओ डोंगेवाले," नीलाबाई म्हणाल्या.

मग त्या थांबल्या. दिव्यानीचा हात तसाच राहिला.

"ओ डोंगेवाले, येता का वो? मी कवाची उभी आहो काठावर."

त्या पुन्हा थांबल्या. परत येणाऱ्या दिव्यानीची पावलं वाजली, आणि आवाज तिथं संपला. मशीन तेव्हाच बंद केली होती. उत्तर त्यात आलंच नव्हतं.

पोचूभाऊंनी डोळे उघडले नाहीत. त्यांचे हात मात्र मांडीवर आले, आणि थरथरत नव्हते.

"आलो वो," ते म्हणाले. "उभी राह्य तिथीच."